जळालेली धायटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या म्हाताऱ्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. म्हणून त्यांच्याविषयी खरं बोलायला हरकत नाही.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावर धायटीची झुडपं होती. त्यांच्या लाल फुलांपासून गावातली एक तरुण रंगारीण कापड रंगवायची. तिचं घर त्यावरच चालायचं.

एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. झुडपांचे काळे खुंट तेवढे उरले.

गावातले म्हातारे पारावर बसले. ते कायम तिथेच बसत. त्यांनी ठरवलं, खुंट मुळासकट खणायचे, चुलीत घालायचे आणि उतारावर नाचणी पेरायची. वर जाऊन एकदा बघावं, असं एकालाही वाटलं नाही.

रंगारीण गेली. तिने एका खुंटापाशी माती उकरली, नखाने मुळाची साल खरवडली. आत मूळ ओलं होतं.

ती पारावर आली. "आबा, झुडपं जिवंत आहेत. खणू नका."

"कोळसा झालाय त्यांचा, पोरी," थोरले आबा म्हणाले.

"वरच्या भागाचा झालाय. तुम्ही दरवर्षी पालापाचोळा जाळून राब भाजता. त्याच राखेत भाताची रोपं जोमाने येतात ना?"

"तो आम्ही भाजतो. हा डोंगर आपला आपण जळलाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. याला ते अनुभव म्हणत.

"मग ओढ्यावरचा उतार तरी मला सोडा."

"घे. बस राख फुंकत," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

बाकीचा डोंगर खणून झाला. पावसाळ्यात त्या खणलेल्या उताराला धरून ठेवायला मुळंच नव्हती. माती नाचणीसकट खाली आली आणि म्हाताऱ्यांच्याच भातखाचरांत पसरली. भात गाडला गेला.

ओढ्यावरच्या उतारावर मात्र खुंटाखुंटाच्या बुडातून तांबूस कोंब फुटले. जुन्या वाळक्या फांद्यांची गर्दी जळून गेली होती, त्यामुळे कोंबांना मोकळा उजेड मिळाला. दुसऱ्या वर्षी इतकी फुलं आली, की रंगारणीचे हात पुरेनात. तिने सगळ्या गावाला तोडणीला बोलावलं. थोरले आबाही टोपली घेऊन आले.

"मी म्हणालोच होतो, राखेत जोर असतो," ते म्हणाले. "आता दरवर्षी पेटवू."

"मुळांनी साठवलेलं सगळं या कोंबांना लागलंय, आबा. ते पुन्हा साठायला वर्षं जातील. आत्ता पेटवलंत तर खरंच मरतील. तुम्ही फुलं तोडा."

आबांनी फुलं तोडली. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं उपयोगी काम असावं, पण त्यांनी ते मन लावून केलं. त्या वर्षी गावात प्रत्येकाच्या अंगावर नवं लाल कापड होतं, आणि खणलेल्या उतारावर म्हातारे स्वतः धायटीचं बी टाकत होते.

बोध : वरून जळालेलं दिसलं म्हणून मेलं म्हणू नये; आधी वाकून मूळ बघावं.