कापलेला दोर

एका खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता, आणि त्या कोळीवाड्यात हिराजी नावाचा एक नाखवा राहत होता. माणूस कष्टाळू, हाताला कसब. पाण्याचा रंग पाहून खाली कुठली मासळी आहे ते सांगायचा. पण त्याला एक खोड होती. कुणी त्याच्याशी चांगलं वागलं की त्याला चैन पडत नसे. कुणी मूठभर सुकट आणून दिली तर तो मनात म्हणे, 'याला माझ्याकडून काय हवं असेल?' आणि कुणी काहीच दिलं नाही तर म्हणे, 'बघा, याच्या मनात काहीतरी आहे.'

त्याच्या शेजारी धाकू नाखवा राहत असे. दोन अंगणांमध्ये निवडुंगाचं कुंपण होतं. अकरा वर्षांपूर्वी हिराजीचं नवं जाळं समुद्रातून फाटून वर आलं होतं. ते खडकाला लागून फाटलं की कुणी कापलं, हे कुणालाच कळलं नाही. हिराजीने धाकूला काही विचारलं नाही. त्याने धाकूकडे नुसतं पाहिलं. धाकूला ते पाहणं लागलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

एके वर्षी दसरा होऊन तीन दिवस झाले होते. पाऊस सरला होता. समुद्र निवळला होता, मासळीचा हंगाम भरात आला होता. अशात दक्षिणेकडून एक गलबत घाईघाईने खाडीत शिरलं. त्यावरच्या तांडेलाने किनाऱ्यावर उडी टाकली आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "मागून मोठं वादळ येतंय. आम्ही त्याच्या पुढे पळतोय. तुमच्या हातात चार दिवस आहेत, तेही नशिबाने."

गावाने वर पाहिलं. आभाळ निळंभोर होतं. पण वारा पडलेला असताना लाटा मात्र फुगून येत होत्या. खेकडे बिळं सोडून गावाच्या वाटेवर चढत होते. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहून माना हलवल्या.

हिराजी तेवढा हसला. "कसलं वादळ नि कसलं काय! आपल्याला घाबरवून घरी बसवायचं आणि ऐन हंगामात मासळी यांनी ओढायची. एवढं कळत नाही कुणाला?"

पण संध्याकाळी त्याने पाहिलं, ते गलबत खाडीत आणखी आत गेलं होतं आणि त्याच्या खलाशांनी डोलकाठी उतरवून आडवी बांधली होती. तेव्हा हिराजीचा वादळावर विश्वास बसला. माणसांवर बसला नाही तो नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान्हा पाटलाने सगळ्यांना गावदेवीच्या देवळापुढे बोलावलं. पाटील म्हणाला, "खाडीच्या वळणात पाणी शांत असतं. सगळ्या होड्या तिथे नेऊ आणि काठच्या झाडांना बांधू. ज्याच्याकडे जास्त दोर असेल त्याने कमी असलेल्याला द्यावा. घरंही एकमेकांची बांधून घेऊ. वादळ घर बघून येत नाही."

सगळ्यांनी होकार दिला. हिराजी मागे उभा होता. त्याच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. सगळ्या होड्या एका जागी का? वळणाजवळ घर कुणाचं? पाटलाच्याच मेव्हण्याचं. शिवाय होडी ओढायला दहा जण येणार. दहा जणांचे हात होडीला लागणार. त्यात धाकूही असणार.

"माझी होडी माझ्या घरासमोरच राहील," तो म्हणाला.

"अरे, तिथे वारा सरळ समुद्रावरून येतो," पाटील म्हणाला.

"वाऱ्याचं मी बघून घेईन. मला भीती वाऱ्याची नाही."

पाटलाला त्याचा रोख कळला. बाकीचे लोक कामाला लागले.

सगळा कोळीवाडा धावपळ करत होता. बायका सुकी मासळी आत भरत होत्या, पाण्याचे हंडे भरून ठेवत होत्या. पुरुष कौलांवर दगड चढवत होते, छपरांवरून दोर टाकून खुंट्यांना ताणत होते. हिराजीने आपली होडी एकट्याने बांधली. किनाऱ्यावरच्या वाळूत एक जाड खुंटा ठोकला, त्याला दोर आवळला आणि मग उरलेला दिवस कुंपणापाशी बसून काढला. डोळे धाकूच्या अंगणावर.

धाकू छपरावर चढला की हिराजी उठून उभा राही. 'वरून माझं घर दिसतंय त्याला.' धाकू घरात गेला की हिराजी कान देई. 'आत काय चाललंय?' त्याच्या स्वतःच्या छपरावर पश्चिमेच्या अंगाला अजून एकही दगड चढला नव्हता. त्याची बायको चांगुणा दोनदा सांगून गेली. दोन्ही वेळा त्याने हाताने 'थांब' अशी खूण केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो परसात गेला आणि जागीच थबकला. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ गायब होते. कालपर्यंत चार घड लोंबत होते. आता शेंड्यात एक नारळ उरला नव्हता. बुंध्याच्या सालीवर पायांचे ताजे ओरखडे होते.

"नारळ कुणी नेले?" त्याने चांगुणाला विचारलं.

चांगुणा चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. "मला काय ठाऊक!"

दुपारी त्याने तिला कुंपणापाशी उभी पाहिली. पलीकडे धाकू होता. हिराजी दिसताच दोघं बाजूला झाली. म्हणजे घरातलं माणूसही फितूर!

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" त्याने विचारलं.

"घराच्या," ती म्हणाली आणि आत निघून गेली.



चौथा दिवस उजाडला तो तांबूस आणि कोंदट. दक्षिणेकडचं आभाळ न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं झालं होतं. एक पाखरू दिसत नव्हतं. हिराजी होडीकडे गेला, आणि त्याचे डोळे विस्फारले. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, दुसरा एक दोर बांधलेला होता. मनगटाएवढा जाड, काथ्याचा, नवाकोरा. तो दोर वाळूवरून मागे जात होता आणि वरच्या अंगाला असलेल्या उंडीच्या झाडाला पक्का वेढलेला होता. गाठ त्याने ओळखली. तशी डावरी गाठ गावात एकटा धाकू मारत असे.

हिराजीच्या मनाने क्षणात सगळा हिशेब जुळवला. काल सकाळी नारळ. काल दुपारी बायको. आज होडी. वादळात सगळे घरात दडून बसले की हा दोर ओढून माझी होडी पळवणार. नाहीतर उद्या चारचौघांत म्हणणार, माझ्या दोराला होती म्हणून होडी माझी.

त्याने कमरेचा कोयता काढला. एक घाव नाळेपाशी घातला. तेवढ्याने समाधान होईना म्हणून दुसरा मधोमध घातला. मग झाडाचा वेढा सोडवला, ते तुकडे गुंडाळले, घरी आला आणि कुंपणावरून धाकूच्या अंगणात भिरकावून दिले.

धाकू पायरीवर बसला होता. त्याने तुकड्यांकडे पाहिलं. हिराजीकडे पाहिलं. तो उठला, कुंपणापर्यंत आला. काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं. मग अकरा वर्षांची सवय आडवी आली. ओठ मिटून तो परत फिरला.

दुपार कलायच्या आत वादळ आलं.

आधी दूर कुठेतरी गाडं खडखडत यावं तसा आवाज आला. मग वाळू उडाली, माड वाकले आणि खाडीचं पाणी उलटं आत चढू लागलं. हिराजीने दार लावून आतून मुसळ टेकवलं. थोड्याच वेळात पश्चिमेकडची कौलं एकामागून एक सुटू लागली. पाऊस घरात येऊ लागला. भाताची कणगी भिजू नये म्हणून तो ती कोपऱ्यात सरकवायला धावला, आणि कणगीमागे त्याला नारळ दिसले. चारही घडांचे. नीट रचून ठेवलेले.

"हे इथे कसे?" तो ओरडला.

चांगुणाही आता ओरडूनच बोलत होती. "धाकूभावजींनी उतरवून दिले! वाऱ्याने सुटले असते तर तोफेच्या गोळ्यांसारखे छपरावर आले असते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते त्यांच्या दारात फेकले असते!"

हिराजी नारळांकडे बघत राहिला. मग त्याला दोर आठवला. त्याने मुसळ काढलं आणि चांगुणा अडवत असतानाच तो बाहेर धावला.

किनाऱ्यावर गुडघाभर पाणी आलं होतं. वाळू पायाखालून सरकत होती. खुंटा दात हलावा तसा हलत होता. हिराजी पोचला आणि खुंटा उपटून निघाला. त्याने दोर दोन्ही हातांनी धरला, मनगटाला वेढा दिला. होडीने त्याला हिसडा देऊन पाण्यात खेचलं. पाणी कमरेला लागलं, मग छातीला.

"सोड! हिराजी, दोर सोड!"

धाकू काठावरून ओरडत येत होता. अकरा वर्षांत तो हिराजीशी पहिल्यांदाच बोलत होता. आणि हिराजीच्या मनात त्या क्षणीही आलं, 'हा मला दोर सोडायला का सांगतोय?'

त्याने दोर आणखी घट्ट धरला.

पाणी गळ्याशी आलं. पुढची लाट डोक्यावरून गेली. नाकातोंडात पाणी गेलं. तेवढ्यात कुणीतरी त्याला मागून कवेत धरलं. धाकूने त्याच्या मनगटाचा वेढा सोडवला आणि त्याची बोटं एकेक करून उलगडली. हिराजी शेवटपर्यंत झटापट करत होता. होडी सुटली. धाकूने त्याला फरफटत काठावर आणलं आणि उंडीच्या बुंध्याला दोघंही बिलगून राहिले.

तिथून त्यांना सगळं दिसलं. वाऱ्याने हिराजीची होडी उचलल्यासारखी केली आणि खाडीतून आत, थेट वळणाकडे नेली. वळणात सगळ्यात बाहेरच्या बाजूला धाकूची होडी बांधलेली होती. हिराजीची होडी तिच्या कुशीवर आदळली. फळ्या फुटल्याचा आवाज वाऱ्यातूनही ऐकू आला.

वादळ संध्याकाळपर्यंत घोंगावलं आणि निघून गेलं. सकाळी गावाने डोकी मोजली. माणूस एकही गेला नव्हता. वळणातल्या होड्या शाबूत होत्या. फक्त दोन फुटल्या होत्या. धाकूच्या होडीला कुशीत बैल जाईल एवढं भगदाड पडलं होतं. हिराजीच्या होडीचा तर सांगाडाच उरला होता.

हिराजी दोन दिवस घराबाहेर पडला नाही. धाकू येईल, दारात उभा राहून शिव्या घालेल, गाव गोळा करेल, म्हणून तो वाट पाहत होता. धाकू आला नाही. तिसऱ्या दिवशी हिराजीच उठला. कुंपणाला वळसा घालून तो शेजारच्या अंगणात गेला. धाकू फाटलेलं शीड शिवत होता.

"दोर का बांधला होतास?" हिराजीने विचारलं.

धाकूची सुई थांबली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी विचारलंस."

"सांग ना."

"तुझ्या प्रेमापोटी नव्हता बांधला. तुझा खुंटा भुसभुशीत वाळूत होता. तुझी होडी सुटली की वारा तिला वळणात आणणार आणि तिथे पहिली गाठ माझ्याच होडीशी, हे मला दिसत होतं. मी माझी होडी वाचवत होतो."

हिराजीला वाटलं, म्हणजे माझा संशय खराच होता. धाकूचा स्वार्थ होताच. पण त्या स्वार्थात दोघांच्या होड्या वाचणार होत्या, आणि तो कळायला एक प्रश्न पुरला असता.

"आणि नारळ?"

धाकू जरा ओशाळला. "ते... चांगुणावहिनी त्याच अंगाला चूल मांडते. डोक्यात पडला असता एखादा."

हिराजी त्याच्यासमोर खाली बसला. मग म्हणाला, "तोंडाने का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

"तरी सांगायला हवं होतं," धाकू म्हणाला. "त्या सकाळी कुंपणापाशी शब्द ओठावर आला होता. ताठ्याने गिळला."

दुसऱ्या दिवशी हिराजी वाकस आणि पटाशी ही सुतारकीची हत्यारं घेऊन वळणावर गेला. स्वतःच्या होडीच्या ज्या फळ्या धड राहिल्या होत्या त्या त्याने एकेक सोडवल्या आणि धाकूच्या होडीच्या भगदाडावर बसवायला घेतल्या. महिनाभर तो राबला. येणारेजाणारे बघत, कुणी हात लावायला पुढे येई. कुणी आलं की हिराजीची मान जुन्या सवयीने वळे. मग तो स्वतःला आवरे आणि सरळ विचारी, "का आलास रे?" माणूस म्हणे, "मदतीला." आणि हिराजी त्याच्या हातात फळीचं एक टोक देई.

होडी पाण्यात ढकलली त्या दिवशी धाकू आत बसला. हिराजी काठावरच उभा राहिला. धाकूने एक वल्हं त्याच्या दिशेने सरकवलं.

"हे मला का देतोस?" हिराजीने विचारलं.

"एकट्याने वल्हवून कंबर धरते म्हणून," धाकू म्हणाला.

हिराजी हसला, पाण्यात उतरला आणि होडीत चढला.

तात्पर्य: संशय मनात मुरत ठेवला तर तो आपल्यासह शेजाऱ्यालाही बुडवतो, तोच वेळेवर तोंडाने विचारला, तर एका उत्तरात फिटतो.