राजेसाहेबांच्या बोटीचे वायपर

वायपरच्या दांड्या काही निघेनात! कांदळगडच्या राजेसाहेबांची एक हौसेची बोट होती. तिच्या पुढच्या काचेवर दोन वायपर, आणि दोन्ही मुळाशी पांढऱ्या खाऱ्या खपलीनं असे धरलेले की बोट फुटेल पण दांडी सुटणार नाही. नवे वायपर मुंबईहून येऊन पेटीत पडले होते. जुने जागा सोडतील तेव्हा नवे बसणार.

धरायला कारणही तसंच. बोट रोज धुवायची असा राजेसाहेबांचा हुकूम. गोडं पाणी टेकडीवरच्या विहिरीचं, तेवढं चढतो कोण? नोकर खाडीचं खारं पाणीच बादल्या भरभरून ओतत. बोट रोज चकचकीत व्हायची आणि रोज गंजायची. राजेसाहेबांना कोणी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

मुंबईचा मिस्त्री आला. वरचे नट त्यानं काढले, मग दांडीवर हातोडी घातली. दांडी हलली नाही. काच मात्र कोपऱ्यात तडकली. राजेसाहेबांनी त्याला हाकललं आणि हेका धरला, "नवे वायपर बसल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलणार नाही! आणि बोट इथं आहे तोवर खालच्या चिखलात कोणी पाय ठेवायचा नाही. ढवळला की घाण वास येतो!"

राजा म्हटला की हेका आलाच. डोकं येतंच असं नाही.

आता तो चिखल म्हणजे नुसता चिखल नव्हता. ओहोटीला पाणी मागं सरलं की त्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, सापडत. कोळवाड्यातल्या बाया त्या काढत, त्याच विकत आणि उरल्या की त्याच खात. चिखल बंद म्हणजे चूल बंद.

त्यातलीच एक मथू. लग्नाची झालेली पोर, जिभेला कोयत्याची धार. टोपली कमरेवर घेऊन ती सरळ धक्क्यावर राजेसाहेबांपुढं गेली.

"महाराज, दांड्या निघाल्या तर चिखल मोकळा?"

"तू काढणार?"

"मी कशाला काढू? पण निघतील."

"हातोडी चालणार नाही!"

"नको."

"करवत नाही, आग नाही!"

"नको."

"आणि माणसाचा जोर नाही! माणसानं जोर लावला की काच जाते. मी बघितलंय!"

"माणसाचा नकोच."

शेजारी उभे असलेले कारभारी फिसकन हसले. "मग काय भुताचा लावणार?"

"तुम्ही रिकामे असाल तर तुमचाच लावते!"

कारभारी दोन पावलं मागं सरले. राजेसाहेब म्हणाले, "निघाल्या नाहीत तर चिखल कायमचा बंद. तुमच्या नातवंडांनासुद्धा!"

"कबूल."

मथूनं टोपली कमरेवर सावरली आणि वळली.

कोळवाड्यात बाया तिच्यावर तुटून पडल्या. "मथे, काय बोलून बसलीस!" मथूनं तांब्याची भांडी घासायला ठेवलेलं कोकमाचं आगळ उचललं आणि बोटीवर जाऊन दोन्ही दांड्यांच्या मुळाशी ओतलं. वरून भिजलं फडकं गुंडाळलं. पांढरी खपली फसफसली.

"जेवणातलं आगळ बोटीला वाढतेस?" राजेसाहेब ओरडले.

"घरात वाढायला काही राहिलं नाही महाराज, म्हणून बोटीला!"

दुसऱ्या दिवशी भरती पुरी चढली. माल चढवायचा एक जाड वासा धक्क्यावरून पाण्यावर पुढं आलेला होता. मथूनं बोट नेमकी त्याच्याखाली आणवली. बोटीची काच आरामखुर्चीसारखी मागं रेललेली, त्यामुळे दांड्या ज्यांवर बसवलेल्या ते खुंट आभाळाकडे तोंड करून होते. तिनं वाशाला दोन दोर बांधले, त्यांचे फास दांड्यांच्या मुळाखाली अडकवले, दोर ताठ केले आणि धक्क्यावर येऊन बसली.

"आता?" राजेसाहेबांनी विचारलं.

"आता बसायचं."

राजेसाहेब बसले. कारभारी छत्री धरून उभे राहिले. ओहोटी लागली. पाणी उतरलं तशी बोट उतरली. वासा मात्र राजाचा, तो कशाला खाली येतो? दोर करकरू लागले. मथूनं पदराचं टोक दातात धरलं.

ताड!

"काच गेली!" कारभारी किंचाळले.

काच जागेवर होती. दांडी दोराला लोंबकळत होती आणि बोट खाली हेलकावत होती. दुसरी दांडी राजेसाहेबांच्या वळणाची. तिनं वेळ लावला. पण खाडीला घाई नव्हती. शेवटी तीही निघाली. काचेवर नवा ओरखडा नाही!

राजेसाहेबांनी मिशी चावली. हरणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"थांब पोरी! तू तर नुसती बसून होतीस. दांड्या काढल्या खाडीनं. पैज खाडीनं जिंकली, तुझा काय संबंध? जा, चिखल खाडीला दिला!"

धक्क्यावर जमलेल्या बायांचे चेहरे पडले. मथूनं वाकून मुजरा केला.

"द्या महाराज, खाडीलाच द्या! म्हणजे आजपासून तो तुमचा नाही. आणि खाडीनं आम्हाला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही!"

राजेसाहेबांचं आधी पोट हललं, मग खुर्ची हलली, मग हसू असं फुटलं की धक्क्यावरचे बगळे उडाले.

"कारभारी! या पोरीला एक नवी होडी द्या!"

मथू तोवर गुडघाभर चिखलात उतरली होती. खालूनच ओरडली, "होडी भरतीला पाठवा महाराज! आता ओहोटी आहे, कामाची वेळ!"