भागाईची सावली

"…आणि मग भागाई त्या पाखराबरोबर वर, आभाळात…"

एवढंच साळूच्या कानावर पडलं. तिला बघून विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या. साळूचं नि भागाईचं घर भिंतीला भिंत लागून. शेजारणीचं काही झालं आणि ते आपल्याला शेवटी कळावं, म्हणजे काय? घागर तिथंच टाकून ती टेकडीकडे निघाली.

ही गोष्ट आपल्या आज्याच्याही आज्याच्या वेळची. तेव्हा करंजतळ्यावर थंडीत इतके करकोचे उतरायचे की पाणी राखी दिसायचं. उथळ पाण्यात ते एका पायावर झोपायचे, म्हणून ते असेतो भोई लोक तिथं जाळं टाकत नसत. काठच्या काटेसावरीवर भागाई लाल फडकं बांधायची. उन्हं तापली की थवे उत्तरेला जायचे. शेवटचा करकोचा गेला की ती फडकं सोडायची, मग जाळी पाण्यात. तिला पाखरांचं बोलणं कळायचं, असं म्हणतात.

त्या वर्षी चैत्रातली जत्रा तोंडावर आली तरी फडकं सुटेना. भागाईचा दीर खंडू वैतागला.

"वहिनी, दारात पाहुणे आलेत. त्यांच्या ताटात काय पिसं वाढू?"

"एक राहिलंय, भावजी."

"एकासाठी सगळ्या गावानं कोरडं खायचं?"

दुपारी भागाईचा डोळा लागला तसं खंडूनं फडकं सोडलं. जाळी पडली. मागं राहिलेला तो एक करकोचा त्यात गुरफटला आणि त्याचा पंख दुखावला.

भागाई पाण्यात उतरली, जाळं सोडवलं. पाखराला पदरात घेऊन आली, पंखाला हळद लावली. रोज पहाटे त्याला टेकडीवर न्यायची नि हातावर उंच धरायची. ते पंख उघडायचं, पुन्हा मिटायचं.

"अगं, लेकरू आहे का ते?" साळू भिंतीवरून म्हणायची.

"ऊन चढतंय गं. आपल्या मुलखाला गेलं नाही, तर इथं जगायचं नाही."

त्या दिवशी विहिरीवरून साळू टेकडीवर पोचली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. धुळीत भागाईची पावलं कड्यापर्यंत गेलेली, पुढे काही नाही. एक राखी पीस तेवढं पडलेलं. साळू ते घेऊन गावात परतली. गावानं दिवसभर चूल पेटवली नाही. खंडू तर तोंड लपवून बसला.

संध्याकाळी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन भागाई दारात उभी.

"साळू, विस्तव दे जरा."

"तू उडालीस ना गं?"

"मी पलीकडच्या अंगानं उतरले. लाकडं बरी मिळाली."

राखेखाली जपलेला निखारा देताना साळूची नजर खाली गेली. मावळतीच्या उन्हात भिंतीची, रांजणाची, मोळीचीसुद्धा लांब सावली पडली होती. भागाईची नव्हती.

"तुझी सावली कुठं गेली?"

"त्याचा पंख अजून कच्चाच होता," भागाई म्हणाली. "वाटेत टेकायला काही हवं ना त्याला."

कार्तिकात करकोचे परत आले. त्यातल्या एकानं भागाईच्या घरावर घिरट्या घातल्या आणि तिच्या पायाशी अलगद सावली उतरली, असं म्हणतात.

अजूनही करंजतळ्यावर फडकं सोडायचा मान बाईचाच. ते सुटलं तरी त्या दिवशी जाळं टाकत नाहीत. संध्याकाळी सगळे टेकडीवर जाऊन उन्हात उभे राहतात, आपापली सावली लांब पडू देतात. कुणी मागं राहिलं असेल, तर त्याला टेकायला. पोरं विचारतात, भागाई खरंच उडाली का? म्हातारी माणसं म्हणतात, सगळी नाही.