माहेरवाट

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर ओहोटीची वाट बघावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. तिवरवाडीच्या कातकऱ्यांत ठमी नावाची एक बाई होती. अंगानं काटकुळी, पण जिभेला कोयत्याची धार. कुठल्या बिळात चिंबोरी बसली आहे हे ती नुसत्या चिखलाच्या वासावरून सांगायची, असं म्हणतात.

वाडीचा खाडीत दगडी बांध होता. कमरेइतका उंच, विळ्यासारखा वाकलेला. भरतीचं पाणी त्याच्यावरून आत यायचं, ओहोटीला दगडांच्या फटींतून निघून जायचं आणि मासे मागे राहायचे. ते हातानं वेचायचे, टोपलीत टाकायचे, झालं. पण बांधाच्या मधोमध एक खिंड मोकळी ठेवलेली असायची. पोटात गाभोळी धरलेली मासळी अंडी घालायला समुद्राकडे निघते, ती त्या खिंडीतून जायची. लेक बाळंतपणाला माहेरी जाते ना, तसंच. म्हणून तिचं नाव माहेरवाट. तिथं जाळं लावायचं नाही, हात घालायचा नाही. पोटुशीला कोण अडवतं?

ठमीनं अडवलं होतं. नवी नवरी असताना नणंदेला बघायला पाहुणे आले. पाहुण्यांच्या पानात मासा कमी पडू नये म्हणून तिनं एका ओहोटीपुरते खिंडीत तीन दगड टाकले. कुणी पाहिलं नाही. पाहुणे पोटभर जेवले, लग्नही ठरलं. पुढच्या वर्षी खाडीत नावाला मासा उरला नाही, आणि त्या उपाशी वर्षात ठमीचं तान्हं पोर गेलं. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. पण बांधावरून चालताना माहेरवाट आली की तिचे पाय थांबायचे.

पुढे बरीच वर्षं गेली आणि दाजीबा खोतानं कुठूनसा एक कागद आणला. त्यात खाडी त्याची होती, खाडीतलं पाणी त्याचं होतं आणि पाण्यात पोहणारं सगळंही त्याचंच होतं. माशांना वाचता येत नाही म्हणून बरं. खोताला गाभोळीचा भारी सोस. त्यानं गड्यांना हुकूम सोडला, खिंड बुजवा.

वाडीचा नाईक ठमीला म्हणाला, "गप ऱ्हा गं बाय. पान्यात राहून माशाशी वैर करू नये."

"खोत कधीपास्नं मासा झाला?" ठमी म्हणाली. "मासे त्या बांधाआड अडकलेत."

ती तडक बांधावर गेली. गड्यांनी टाकलेले दगड तिनं एकेक करून उपसले आणि खिंडीत मांडी घालून बसली. खोताचे बारा गडी तिला उचलायला आले. बारा जणांना ती हलली नाही, असं म्हणतात. मग भरती आली. पाणी कमरेला आलं, गळ्याला आलं, डोक्यावरून गेलं. वाडीच्या बायांनी काठावर रडून आकांत केला. ओहोटी लागली तेव्हा आधी तिचा अंबाडा दिसला, मग डोळे, आणि डोळे उघडेच होते. तिच्या दोन्ही कुशींना घासून गाभोळी धरलेली बोय मासळी समुद्राकडे जात होती. अशा सहा भरत्या तिच्यावरून गेल्या.

चौथ्या दिवशी खोत स्वतः काठावर आला. कागद नाचवत ओरडला, "ए ठमे, ऊठ! खाडी माझी आहे. हा बघ कागद."

"मला काय दावता? खाडीला वाचून दावा. ती हो म्हनली तर उठते."

चारचौघांत मागे कसं फिरायचं? खोत जोडे काढून चिखलात उतरला आणि बांधाजवळ येऊन वाचायला लागला. कागद लांबलचक होता. चिखलात एका जागी उभं राहायचं नसतं, हे कातकऱ्याचं शेंबडं पोरही जाणतं. खोताला कोण सांगणार? तो दुसऱ्या पानावर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत रुतला होता, तिसऱ्यावर कमरेपर्यंत. तेवढ्यात भरती लागली आणि बाराही गडी काठाकडे पळाले.

"ठमे, हात दे!" खोत ओरडला.

"मी उठले तर वाट बुजंल," ठमी म्हणाली, आणि आता तिनं त्याला अहोजाहो केलं नाही. "आयक. एक डाव मीच ही वाट बुजवली. माज्या हातानं. माजं पोर त्याच साली उपाशी गेलं. तुला वाटतं मी तुला भिऊन उठंन?"

पाणी खोताच्या छातीला लागलं.

"सांग, वाट कोनाची?"

"माशांची!" खोत म्हणाला. "माशांची गं बाई! कुणी बुजवणार नाही!"

मग ठमीनं हाक दिली. वाडीची माणसं फळ्या घेऊन चिखलावरून सरसर आली आणि त्यांनी खोताला मुळ्यासारखा उपटला. जोडे काठावर होते, पण कागद मात्र खाडीनं ठेवून घेतला.

कुणी म्हणतात, ठमी तिथंच दगड झाली. कुणी म्हणतात, ती बोयींबरोबर समुद्रात गेली. तिच्या नातीला हे मुळीच पटायचं नाही. ती म्हणायची, कसला दगड न्‌ कसलं काय, आजी उठली, घरी आली आणि चूल पेटवून अंग शेकत बसली. मलाही हेच खरं वाटतं.

आजही पाऊस ओसरला की तिवरवाडी बांध नव्यानं रचते. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई आधी मधोमध मांडी घालून बसते. तिच्या दोन्ही अंगांना दगड रचत नेतात. ती उठली की जेवढी जागा उरते, तेवढी माहेरवाट. दुसरं माप नाही. मग ती विचारते, "वाट कोनाची?" आणि अख्खी वाडी उत्तर देते.

मागं एकदा साहेबलोक खाडी मोजायला आले होते. त्यांनी विचारलं, तुमचा हक्क आहे, याचा पुरावा काय? त्या वर्षी मापाला बसलेली म्हातारी अजून खिंडीतच होती. ती जराशी सरकली आणि शेजारच्या चिखलावर हात थोपटत म्हणाली, "बसा इथं. भरती येऊ द्या, मंग सांगते."