बिस्किटांच्या डब्यातला माउस

एकदा एक हार्मोनियमचा व्यापारी जुना संगणक खांद्यावर घेऊन एका वृद्ध दुरुस्तीकाराच्या दारी आला.

“काका, हा वडिलांचा. पेटीचे सूर कसे लावायचे, ते यात बोलून ठेवलंय म्हणायचे. आता ते नाहीत, आणि मला पेटी नुसती विकता येते. शोधून शोधून दमलो.”

वृद्धाची शिष्या बुद्धीने तल्लख, हात मात्र घाईचा. तिने आतली डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली. डिस्कचे दोन भाग निघाले. पहिल्यात लग्नपत्रिका नि वीजबिलं. दुसरा चांगला मोठा, पण त्यावर शेरा एवढाच : ‘अज्ञात’. वर संगणकाची विचारणा, वापरायचा असेल तर सगळं पुसून फॉरमॅट करू का?

“कोराच दिसतोय,” म्हणत तिने माउसकडे हात नेला. तोच वृद्धाने माउसची वायर उपटली आणि माउस बिस्किटांच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

व्यापाऱ्याने शिष्येला हळूच विचारलं, “यांचं बरं आहे ना?”

“रोज असं नाही करत,” ती पुटपुटली.

वृद्धाने मग त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतली. तीन वेळा चहा झाला. मूळ डिस्क कपाटात गेली, आणि नकलेच्या सुरुवातीची अक्षरं पडद्यावर आली.

“ही खूण बघ. ओळखीची वाटते?”

ती वाकली आणि ओशाळली. “ही तर वेगळ्या संगणक-प्रणालीची आहे. आपल्या संगणकाला ती वाचताच येत नाही.”

“संगणक खोटं बोलला नव्हता, पोरी. ‘मला ठाऊक नाही’ इतकंच म्हणाला. ‘कोरा’ हा शब्द तुझा. जे आपल्याला वाचता येत नाही, ते पुसण्याचा अधिकार आपल्याला नसतो. आधी जपावं, मग कोणाची लिपी आहे ते विचारावं.”

ती प्रणाली जाणणाऱ्या दुसऱ्या संगणकावर तिने नक्कल उघडली. एकेचाळीस ध्वनिफिती. पहिली लावताच खणखणीत आवाज आला, “अरे, सूर ऐकायचाय ना? मग आधी तो पंखा बंद कर.”

व्यापारी डोळे पुसत हसू लागला. “दुकानात रोज हेच ओरडायचे.”

पुढचं ऐकायला तो खुर्ची ओढून बसला. शिष्या उठली आणि तिने दुकानातला पंखा बंद केला.