उशिरा सुटलेला

एकदा एका वृद्ध गुरूंचे चार शिष्य परदेशातल्या एका मोठ्या मैदानावर रिले शर्यतीच्या अंतिम फेरीत उभे होते. जागतिक स्पर्धा होती आणि त्यांच्या देशाचा संघ या फेरीपर्यंत प्रथमच पोहोचला होता. चौघांपैकी दोघांशीच आपल्याला कर्तव्य आहे. एकाला आपण शिष्य म्हणू. दुसऱ्याचं नाव हणमंत. चौघेही शिष्य असताना एकालाच तसं का म्हणता, असं कुणी विचारेल. त्याने थोडा धीर धरावा.

ही शर्यत तुम्ही दूरदर्शनवर पाहिली असेल. चौघांनी शंभर शंभर मीटर धावायचं आणि हातातलं बॅटन पुढच्याला द्यायचं. पाहता पाहता संपते, म्हणून त्यातली मुख्य गोष्ट पाहणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते. बॅटन घेणारा एकदा पळू लागला की मागे पाहत नाही. मागून ‘हात!’ अशी हाक आली की तो न पाहता हात मागे करतो आणि बॅटन त्या हातात पडतं. मग पळायला सुरुवात कधी करायची? त्यासाठी मागे थोड्या अंतरावर धावपट्टीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला असतो. येणाऱ्याचा पाय त्या खुणेवर आला की घेणाऱ्याने सुटायचं. उशीर झाला तर मागचा अंगावर येतो, घाई झाली तर मागच्याला गाठता येत नाही आणि संघ बाद होतो.

गुरूंच्या संघात या खुणेविषयी एक रीत होती. तिचं अंतर देणारा आणि घेणारा या दोघांनी मिळून ठरवायचं, सरावाच्या मैदानावर, पुन्हा पुन्हा धावून. प्रत्यक्ष शर्यतीच्या वेळी मात्र घेणारा आपल्या जागी एकटाच असतो. ठरलेलं अंतर पावलाला पाऊल लावून मोजायचं आणि खूण चिकटवायची, हे त्याचं त्यालाच करावं लागतं. तिथे तपासायला कुणी येत नाही. गुरू म्हणत, “ती खूण म्हणजे दोघांतला शब्द आहे. बदलायची असेल तर दोघांनी बदला. एकट्याने तिला हात लावायचा नाही.”

हणमंत आणि शिष्य एकाच तालुक्यातले, एकाच माळावर धावायला शिकलेले. हणमंत थोरला. शिष्याच्या पायात पहिले खिळ्यांचे बूट पडले ते हणमंताचेच जुने होते, पुढे कापूस कोंबून घातलेले. हणमंताने तिशी ओलांडली होती. लहानसहान स्पर्धांतली पदकं घरात पुष्कळ होती, पण ज्याच्यासाठी जन्म घालवला ते मोठं पदक त्याच्या गळ्यात कधी पडलं नव्हतं. ही आपली शेवटची शर्यत, असं तो घरी सांगून आला होता. तिसरा टप्पा त्याचा आणि चौथा शिष्याचा, म्हणजे हणमंताच्या आयुष्यातलं शेवटचं बॅटन शिष्याच्याच हातात पडणार होतं.

शर्यतीपूर्वी अंग गरम करताना शिष्याने पाहिलं, तर हणमंत सगळ्यांकडे पाठ करून बसला होता आणि मांडीची मागची बाजू दाबत होता. चेहरा कळवळलेला होता.

“काय झालं रं हणमादा?”

“काय न्हाय. जरा आखडलंय.”

“गुरुजींच्या कानावर घालूया.”

“माझी शपथ हाय तुला!” हणमंताने त्याचा हात घट्ट धरला. “म्हातारा मला बसवंल आन् राखीव गडी उतरवंल. आयुष्यभर ह्याच्यासाठी पळालो का मी? आरं, येतो मी बरोबर. तू फकस्त खुणंवर सूट. बाकीचं माझ्याकडं लागलं.”

शिष्याने शपथ मोडली नाही. आपल्याकडे शपथ पाळण्याचं फार कौतुक. पण शपथ पाळून माणूस दुसऱ्या दाराने काय उद्योग करतो, हे कुणी पाहत नाही.

आपल्या जागेवर पोहोचल्यावर शिष्याने ठरलेलं अंतर मोजलं, पट्टी चिकटवली आणि तो तिच्याकडे पाहत राहिला. त्या दुखऱ्या पायाने हणमादा आपल्याला गाठणार कसा? आपण नेहमीसारखे सुटलो आणि तो मागे राहिला, तर संघ बाद होईल. शेवटच्या शर्यतीत, अवघ्या जगासमोर, त्याच्या नावाला बट्टा लागेल. शिष्याचं मन कळवळलं. तो वाकला, पट्टी उपटली आणि दोन पावलं स्वतःच्या जवळ आणून चिकटवली. आता तो किंचित उशिरा सुटणार होता. हणमंताला थोडं सोपं जावं, एवढीच इच्छा होती. तिच्यात पाप नव्हतं, आणि हीच या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब आहे.

पिस्तुलाचा बार झाला. पहिला धावला, दुसरा धावला, बॅटन हणमंताच्या हातात आलं. आणि हणमंत निघाला. काय निघाला म्हणून सांगू! पाय दुखत होता म्हणूनच तो जिवाच्या आकांताने पळत होता. दोस्त ठरल्या जागी सुटणार, आपण कमी पडता कामा नये, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. ऐन उमेदीतही तो वळणावर असा धावला नव्हता. वळण संपेपर्यंत त्याने दोघांना मागे टाकलं. संघ तिसरा होता. पदकाच्या जागेवर होता.

हणमंत खुणेच्या मूळ जागेवरून वाऱ्यासारखा पुढे आला. शिष्य अजून खाली वाकलेलाच होता. हलवलेल्या खुणेवर हणमंताचा पाय पडला तेव्हा तो सुटला, पण दोन ढांगा टाकतो न टाकतो तोच हणमंत त्याच्या पाठीवर होता. ‘हात!’ ही हाक आणि धडक एकाच वेळी आली. बॅटन शिष्याच्या कोपरावर आपटलं आणि शेजारच्या धावपट्टीत घरंगळत गेलं. मित्राला तुडवू नये म्हणून हणमंताने सगळा वेग एका पावलात रोखला. त्याने किंकाळी फोडली आणि मांडी धरून तो कोसळला. बाकीचे संघ बाजूने निघून गेले.

हणमंताला उचलून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, “स्नायू पूर्ण फाटला आहे. चालता येईल, पण पुन्हा धावणं नाही.” शिष्य दारात उभा होता. त्याने चाचरत विचारलं, “आधीच दुखत होता. धावल्यामुळे फाटला का?” डॉक्टरांना मागचं पुढचं काही ठाऊक नव्हतं. ते सहज म्हणाले, “नाही. धावणं त्याने सोसलं होतं. एकदम थांबावं लागलं, त्याने घात केला.”

शिष्य तिथून निघाला तो थेट पत्रकार उभे होते त्या कठड्याकडे. आपण काय केलं ते सगळ्यांना सांगून टाकायचं, त्याशिवाय श्वास घेता येणार नाही, असं त्याला झालं होतं. पत्रकारांचा प्रश्न तयारच होता. “चूक कुणाची? हणमंताला आधीच दुखापत होती का?” शिष्याने तोंड उघडलं. तेवढ्यात गुरू त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

“चूक माझ्या या शिष्याची आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “हणमंत वेळेवर आला, ठरल्यापेक्षा चांगला आला. हा घाबरला. घाबरला आणि उशिरा सुटला. याहून अधिक सांगण्यासारखं काही नाही.”

एवढं बोलून त्यांनी शिष्याचा दंड धरला आणि त्याला तिथून बाहेर नेलं. शिष्य सुन्न झाला होता. ज्यांनी लेकरासारखं वाढवलं त्यांनी त्याला साऱ्या जगासमोर भित्रा ठरवलं होतं. संघातल्या उरलेल्या दोघांनी ते ऐकलं आणि त्याच्याकडे पाहण्याचंही टाळलं.

मैदानामागच्या मोकळ्या जागेत आल्यावर त्याला रडू फुटलं. “गुरुजी, तुम्हाला ठाऊक नाही. मी घाबरलो नव्हतो. मी...”

“तू खूण हलवलीस,” गुरू म्हणाले. “मोठ्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवत होते. सगळे बॅटनकडे पाहत होते, मी खुणेकडे पाहत होतो. ते अंतर तुम्हा दोघांकडून मीच घोटून घेतलं आहे.”

“मग खरं का सांगू दिलं नाहीत?”

“काय सांगणार होतास?”

“हेच, की त्याचा पाय दुखत होता, त्याला त्रास होऊ नये म्हणून मी...”

“म्हणजे उद्या जग म्हणेल, केवढ्या मोठ्या मनाचा मुलगा! मित्रासाठी पदकावर पाणी सोडलं! आणि हणमंत काय म्हणेल?”

गुरू जवळच्या पायरीवर बसले.

“ऐक. हणमंताचं पदक गेलं, पाय गेला. त्याच्याजवळ आता एकच गोष्ट उरली आहे. आज तो आयुष्यातलं सर्वांत सुंदर धावला. तू खरं सांगितलंस तर तीही जाईल. तो ज्या क्षणी तसा धावत होता, त्याच क्षणी त्याच्या दोस्ताने त्याला लंगडा धरलं होतं, हे त्याला कळेल. हरल्याचं दुःख तो सोसेल. हे त्याला सोसणार नाही. आपण सुटल्यावर मागे का पाहत नाही? मागचा येणारच, हे मानलेलं असतं म्हणून. तू मान वळवली नाहीस बाळा, पण खूण हलवलीस. ते मागे वळून पाहणंच झालं. त्याची दया आली असेल तर त्याच्यापाशी बोलायचं होतंस. न सांगता केलेल्या दयेत आपण मोठे होतो आणि समोरचा तेवढाच लहान होतो.”

“पण गुरुजी, मी घाबरलो हे खोटं आहे.”

“खोटं कुठे आहे? घाबरलाच होतास. त्याच्या पायाला घाबरलास.”

मग शिष्याने अगदी हळू विचारलं, “हे किती दिवस मनात ठेवू?”

“बॅटन पुढे देता येतं,” गुरू म्हणाले. “याला पुढे घेणारा कुणी उभा नाही. मी काय सांगू? हलकं होईल असं म्हणालो तर तुला फसवल्यासारखं होईल.”

ही गोष्ट मी व्याख्यानांत सांगतो तेव्हा कुणी ना कुणी उठून विचारतंच, की गुरूंनी सत्य दडपलं, हे योग्य का? मला त्यांना झटकन उत्तर देता येत नाही. सत्य बोलून आपलं मन मोकळं होतं, हे खरं. पण ते मोकळं करताना ओझं कुणाच्या छातीवर ठेवलं जातं, हेही पाहावं लागतं. आणि तरीही मनातून मला त्या पोराची फार कीव येते.

शिष्य हणमंताच्या खोलीत गेला. हणमंत पाय उंच बांधून पडला होता. डोळे कोरडे होते. शिष्य खाटेच्या कडेला बसला.

“का रं?” हणमंत म्हणाला. “थांबलास का?”

“घाबरलो.”

“कशाला?”

शिष्याची नजर बांधलेल्या पायाकडे गेली. हणमंताने कोपरावर जोर देऊन मान उचलली आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “माझ्या पायाला?”

गुरूंनी शिकवलेला शब्द इथे पुरा पडत नव्हता. पुढचं पाऊल त्याचं त्यालाच टाकायचं होतं.

“नाही,” शिष्य म्हणाला. “एवढ्या मोठ्या मैदानाला. एवढ्या माणसांना. पायच उचलंनात.” चौघांत एकालाच शिष्य का म्हटलं, ते इथे कळतं.

हणमंत त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने डोकं उशीवर टाकलं. “आयला, भित्रा हैस रं तू,” तो म्हणाला, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू त्याला फुटलं. “माझं समदं मातीत घातलंस. आन् मी हितं पडल्या पडल्या काय काय मनात आणत हुतो. म्हटलं, ह्याचाबी भरवसा उडाला का काय माझ्यावरचा.”

त्याने रडत रडतच शिष्याच्या पाठीत एक बुक्की मारली. शिष्याने ती घेतली. दुसरीची वाट पाहत तो तसाच पाठ करून बसून राहिला, पण औषधाच्या गुंगीत हणमंताला तेवढ्यात झोप लागली होती.

आपल्या माणसाला सांभाळून घेण्याआधी त्याला एकदा विचारावं. ज्यांनी विचारलं नाही, ते तुमच्या-माझ्या घरांतही असेच पाठ करून बसलेले असतात.