मुरलीची बैठक

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे अजून झाला नव्हता, व्हायचा होता. नाव मुरली. खोतगुरुजींची इंदू त्याला सांगून आली होती. ती त्याला इतकी आवडली होती की कुणी तिचं नाव काढलं तरी तो उगाचच उठून उभा राहायचा. इंदूचाही होकार होता. राहिली होती फक्त बैठक. लग्न कुणाच्या दारात, जेवणाचं कुणी बघायचं, ते ठरलं की झालं.

पण बैठकीत बोलणार कोण? मुरलीला वडील नव्हते. मामांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे बोलायचं मुरलीनेच. आणि मुरली बोलायला लागला की त्याची आई देवाला हात जोडायची.

मुरली विद्यापीठात शिकत होता. तिथे नेर्लेकर मॅडम वाटाघाटी शिकवायच्या, त्याही वर्गात खोट्या बैठका भरवून. प्रत्येकाला एक कार्ड मिळायचं. कुणी सरपंच व्हायचा, कुणी इंजिनियर, आणि मग तासभर भांडायचं.

आई म्हणाली, "बैठकीला पंधरवडा आहे. मॅडम सांगतील तस्सं वाग. एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस."

आपण मुलांना असं सांगतो, आणि त्यांनी खरंच तसं केलं की कपाळाला हात लावतो.

पहिल्या तासाला मुरली खालच्या गावाचा सरपंच झाला. भांडण कालव्याच्या पाण्याचं होतं. मॅडम म्हणाल्या, "कार्ड नीट वाच आणि सुरुवात कर."

मुरली उभा राहिला. त्याने कार्ड नीट वाचलं. मोठ्याने. "मला पाण्याच्या चार पाळ्या हव्यात. पण दोनवर माझं भागतं."

वरच्या गावाची सरपंच झालेली मुलगी म्हणाली, "मग एक घ्या."

"बरं," मुरली म्हणाला.

तासाला अजून पंचावन्न मिनिटं बाकी होती.

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. "अरे मुरली, आपल्या पोटातलं समोरच्याला पहिल्या भेटीत सांगायचं नसतं."

मुरलीने ते वहीत लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात त्याचं पोट दुखायला लागलं. तो डॉक्टरांकडे गेला.

"काय होतंय?"

"ते पहिल्या भेटीत सांगायचं नसतं."

"अहो, दुखतंय कुठे?"

मुरली गालातल्या गालात हसला. डॉक्टरांच्या दारात पंधरा माणसं ताटकळली होती. त्यांनी त्याला गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. मुरलीने त्या घेतल्या. गुडघे छान झाले.

पुढच्या तासाला त्याने हे सांगितलं, तेव्हा मॅडमनी डोळे मिटून घेतले. "आणि तू घेतल्यास? समोरच्याने पुढे केलं की लगेच घ्यायचं नसतं रे. नाही म्हणायचं. उठायचं. सावकाश चालू लागायचं. तो मागून हाक मारतोच."

मुरलीने लिहून घेतलं. 'सावकाश'च्या खाली रेघ मारली.

दुपारी खानावळीत मावशी पोळ्या घेऊन आल्या. "वाढू का रे?"

"नाही," मुरली म्हणाला. उठला. सावकाश चालू लागला. दारापर्यंत जायला त्याने चार मिनिटं घेतली.

शेवटी मावशींनी हाक मारलीच. "ताट उचलून ठेव जाताना."

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मुरली वर्गात भिंतीला धरून आला. मॅडमनी आधी त्याला आपल्या डब्यातला भात खायला घातला. मग खानावळीतलं सगळं ऐकून म्हणाल्या, "अरे, त्या मावशी चाळीस पानं वाढतात. त्यांच्या जागी बसून बघ जरा. समोरच्याच्या जागी बसायचं, त्याला काय वाटत असेल ते ओळखायचं, त्याच्या बाजूने बोलून बघायचं. सगळ्या पेपरचं सार एवढंच आहे. बाकीचं विसर."

"बाकीचं विसरू?"

"विसर बाबा."

मुरलीने वहीतली आधीची पानं फाडून टाकली. आणि दुसऱ्या दिवशी बैठक होती.

खोतगुरुजींच्या ओसरीवर समोरासमोर दोन गाद्या घातल्या होत्या. एकीवर गुरुजी आणि त्यांचा धाकटा भाऊ. दुसरीवर मुरली आणि मामा. आई आत बायकांत बसली होती, पण तिचे कान बाहेर होते.

गुरुजी म्हणाले, "लग्न आमच्या दारात व्हावं, अशी आमची इच्छा."

मुरली उठला. गुरुजींच्या गादीवर गेला आणि दोघा भावांच्या मधे बसला.

"इकडे कुठे, जावईबापू?"

"तुमच्या जागी बसून बघतोय."

इंदू चहा घेऊन आली. ती हळूच म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे कसे?"

"मी आता तुमच्याच बाजूचा," मुरली म्हणाला. इंदू लाजून आत पळाली. आतून आईला वाटलं, पोरगं शिकलं हो.

मग मुरलीने समोरच्या गादीवरच्या आपल्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "गुरुजी, दाराचं राहू दे. आधी मुलगा बघा. आपली इंदू केवढी हुशार. आणि त्याला दुधावर लक्ष ठेव म्हटलं की तो लक्ष ठेवतो. उतू जाऊन पातेलं रिकामं होईपर्यंत लक्ष ठेवतो."

गुरुजी हसले. "थट्टेखोर आहात."

"थट्टा नाही. उद्या आपली इंदू तापाने पडली, आणि म्हणाली, मला काही नको. तर तो काही देणार नाही. पाणीसुद्धा नाही. उशाशी बसून राहील, इतका जीव आहे त्याचा तिच्यावर. पण पाणी देणार नाही. आपण बाप आहोत, गुरुजी. आपल्याला झोप लागेल का?"

गुरुजींचं हसू गेलं. भाऊ म्हणाला, "दादा, हा माणूस खरं बोलतोय."

मुरली तासभर बोलला. दोन्ही भावांच्या माना हलताना दिसल्या, तेव्हा मामांनी पेढ्यांचा पुडा सोडून सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला.

गुरुजींनी डोळे पुसले आणि मुरलीचा हात हातात घेतला. "वेळेवर सावध केलंत. हे स्थळ आम्ही मोडलं."

आई धावत बाहेर आली. "मुरली, काय ठरलं रे?"

"आई, जिंकलो," मुरली म्हणाला. "समोरच्यांना एक शब्द बोलता आला नाही."